सुविचाराचा फळा

चिपाड भिजलं की गुऱ्हाळ बसतं, आणि गुऱ्हाळ बसलं की नागाप्पांचं तोंड सुटतं. दोन हजार चार साली ऐन मार्गशीर्षात अवकाळी भुरभुर लागली आणि दोन्ही एकदमच झालं. घाण्यातून रस निघून गेल्यावर उरलेलं चिपाड माळावर पसरायचं, वाळवायचं आणि चुलवाणाच्या तोंडाशी आणून टाकायचं, हे अंजनाचं काम. तिनं पसरावं आणि वरून शितडावं, तिनं गोळा करून झाकावं आणि लख्ख ऊन पडावं, असं चाललं होतं. ओलं चिपाड पेटत नव्हतं, नुसतं धुमसत होतं. तिचा नवरा बाबासो चुलवाणात जाळ घालायला बसायचा. धुरानं त्याचे डोळे सुजले होते आणि नाकातून काळं पाणी येत होतं.

"अंजने, चिपाड वाळवतीस का शिजवतीस गं?" नागाप्पा बाजेवरून ओरडले. गुऱ्हाळ त्यांचं.

"ऊन काय माझ्या पदराला बांधलंय व्हय, आण्णा?" अंजनानं तिथूनच उत्तर दिलं.

नागाप्पांना ते ऐकू गेलं नाही, हे बरंच झालं. घाण्याचं इंजिन सुरू असलं की गुऱ्हाळावर कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. त्यामुळं सगळा कारभार हातांनी चालतो. रस उकळायच्या काहिलीपाशी उभा असलेला, गूळ करणारा गुळव्या पिराजी पंजा उताणा करून बोटं नाचवायचा, की बाबासोनं जाळ वाढवायचा. पंजा पालथा केला की कमी करायचा. मूठ आवळली की घाणा थांबायचा. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं की गूळ आला, काहील उतरवायला सगळ्यांनी धावायचं.

ह्या हातांच्या गर्दीत अंजनाची निशा लहानाची मोठी झाली होती. पोर जन्मापासून बहिरी. त्यामुळं बोलणंही नाही. तालुक्याच्या शिबिरात डॉक्टरांनी कान तपासले आणि मशीन लावूनही उपयोग नाही म्हणून सांगून टाकलं. पण गुऱ्हाळावर तिचं काही अडायचं नाही, कारण तिथं सगळेच बहिरे. उलट पिराजीचा पंजा बापाच्या आधी तिला दिसायचा आणि ती धावत येऊन बापाच्या पाठीवर थाप मारायची.

"हिला कान पायजेत कशाला?" बाबासो सगळ्यांना सांगायचा.

त्याला त्याचं कौतुक होतं. अंजनाला मात्र हे बोलणं कधी गोड लागलं नाही. गुऱ्हाळ चालतं हंगामापुरतं. बाकीच्या वर्षाचं काय, आणि पुढच्या जन्मभराचं काय? म्हणून तिनं पोरीला हट्टानं गावच्या शाळेत घातलं होतं.

शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत, आणि सगळ्या वर्गांना मिळून गुरुजी एकच. आकाराम गुरुजी माणूस भला. बहिऱ्या पोरीला शिकवायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी तिला हाकलूनही दिलं नाही. फळ्यावरचं बघून उतरवून काढायला लावायचे. पोरीचा हात असा वळणदार निघाला की तिसरीत गेल्यावर गुरुजींनी सुविचाराचा फळाच तिच्या ताब्यात दिला.

हा फळा शाळेच्या पडवीत, रस्त्याच्या अंगाला होता. गुरुजी चिठ्ठीवर सुविचार लिहून द्यायचे आणि निशा स्टुलावर चढून तो रंगीत खडूनं काढायची. बिद्रीला कारखान्यावर कामाला जाणारी माणसं सायकल थांबवून बघायची.

"कुणाचं अक्षर म्हणायचं हे?"

"आमच्या बाबासो कांबळ्याच्या निशाचं."

बौद्धवाड्यातल्या पोरीचं नाव भर रस्त्यावर असं कौतुकानं घेतलं जावं, ही अंजनाच्या लेखी लहान गोष्ट नव्हती. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. तरी डोक्यावर वैरणीचा भारा असला तरी ती शाळेवरून वळसा घेऊन यायची आणि त्या फळ्यापुढं क्षणभर उभी राहायची. मान ताठ करून पुढं जायची.

त्याच ओल्या दिवसांत वांग्याचा प्रकार घडला. गुरुजींनी घाईत ज्या चिठ्ठीवर सुविचार लिहिला, तिच्यावरच खाली त्यांना घरून सांगितलेला बाजार लिहिलेला होता. निशानं दोन्ही उतरवलं. वर 'नेहमी खरे बोलावे' आणि खाली तशाच डौलदार अक्षरात 'अर्धा किलो वांगी, आलं, कोथिंबीर'. गाव दिवसभर हसत होतं.

"गुर्जी, खरं बोला, वांगी आणली का न्हाय?" पोरंटोरंसुद्धा विचारायला लागली.

अंजनाही पदर तोंडाला लावून हसली. गुरुजींची फजिती म्हणून हसली. त्यात दुसरं काही असेल हे तिच्या मनातही आलं नाही. गुरुजींच्या मनात आलं असलं तरी ते बोलले नाहीत.

एकच बाई तो फळा बघून हसली नाही. विद्याश्री बाई निपाणीकडच्या, वयानं लहान, पण कानानं-डोळ्यानं अधू मुलांना शिकवायचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. पंचायत समितीनं त्यांना त्या वर्षी कंत्राटावर नेमलं होतं. एसटी मिळाली तर एसटीनं, चुकली तर पायी, अशा त्या गावोगावच्या शाळा फिरायच्या. त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या निशाच्या मागून सरळ गुऱ्हाळावर आल्या.

"या बाई, रस घ्या की," पिराजी म्हणाला. घाणा नुकताच थांबवला होता.

"घेते हं. आधी हिच्या आईशी बोलायचंय."

अंजना हाताचं चिपाड झटकत आली. विद्याश्री बाईंनी पिशवीतून पाटी काढली, निशाला समोर बसवलं आणि पाटीवर एक शब्द लिहिला. निशानं तो खाली काढून दाखवला. बाईंच्या अक्षरापेक्षा चांगला.

"बगा की!" अंजना म्हणाली.

बाईंनी पाटी पुसली. गुळाचा एक खडा उचलून निशापुढं धरला आणि पाटीकडं बोट केलं. निशानं खडा घ्यायला हात पुढं केला. बाईंनी मान हलवली आणि परत पाटीकडं बोट केलं. पोर बावचळली. तिनं पाटी बघितली, बाईंचं तोंड बघितलं, मग इकडं तिकडं काही लिहिलेलं आहे का ते शोधायला लागली. गुळाच्या साच्यात घालायचं कोरं कापड तिथं पडलं होतं, त्याच्या काठाला शिक्का होता. तो बघून तिनं झरझर पाटी भरली आणि हसून बाईंच्या हातात दिली.

"काय लिवलं तिनं?" अंजनानं विचारलं.

"शंभर टक्के सुती."

पिराजी खदखदून हसला. अंजनाला हसू आलं नाही.

"आन मगा तुम्ही काय लिवलंतं?"

"गूळ. ताई, तिला गूळ ठाऊक आहे, आणि ते अक्षर काढताही येतं. पण ते अक्षर म्हणजे हा खडा, हे तिला कुणी कधी सांगितलंच नाही. खरं बोलावं काय आणि वांगी काय, तिला दोन्ही सारखीच."

"म्हंजी इतकी वर्सं शाळंत काय केलं माझ्या पोरीनं?"

बाईंनी निशाची भरलेली पाटी तिच्यापुढं धरली. "रांगोळी काढली," त्या म्हणाल्या.

अंजना चिपाडाच्या ढिगावर मटकन बसली. चिपाडाचा ओलावा लुगड्यातून मांड्यांना लागला तरी तिला समजलं नाही. निशा खडा चघळत, आपलं लिहिलेलं कुणी कौतुकानं बघतंय का, ते ह्याच्या त्याच्या तोंडाकडं बघून शोधत होती.

मग बाईंनी सगळं नीट सांगितलं. आजूबाजूच्या शाळांसाठी कुठं काय द्यायचं ह्याचा आराखडा ठरवायला तालुक्याचे साहेब शुक्रवारी येणार होते. विद्याश्री बाईंचे आठवड्यातले दोन दिवस मोकळे होते. ते दिवस ह्या शाळेला मिळणार किंवा सडकेवरच्या थोरल्या शाळेला. दोन्हीकडं जमणार नव्हतं.

"मग सांगा की सायबास्नी, हितं गरज हाय म्हणून."

"गुरुजींनी आधीच कळवलंय, मुलगी लिहिते-वाचते, गरज नाही. मी उलटं बोलले तर ती गुरुजींची तक्रार होते, आणि माझी नेमणूक कंत्राटाची. सभेत पालकांना बोलायची मुभा आहे. आईनं सांगितलं तर साहेबांना ऐकावं लागेल."

"नुसतं बोलून कोण इस्वास ठिवतंय? समद्या गावानं तिचं अक्षर बगितलंय."

बाईंनी हातातली पाटी पदरानं पुसली आणि पिशवीत ठेवली. सभेत सगळ्यांदेखत पोरीपुढं हाच खेळ मांडावा लागणार, हे अंजनाला समजलं.

दिवस मावळायच्या आत तिनं चुलवाणापाशी बसून बाबासोला सांगितलं. तो चिपाडाची पेंढी आत रेटत होता. रेटायचा थांबला नाही.

"चार माणसांत पोरीचं हसं करणार तू?"

"हसं न्हवं. जे हाय ते दावायचं."

"माझ्या आज्याला त्या शाळंच्या पडवीत पाय ठिवू देत न्हवते. आज तितल्या फळ्यावर माझ्या पोरीचं अक्षर हाय. जाणारा येणारा थांबून वाचतोय. ते आपल्या हातानं पुसायचं?"

"तिला त्यातलं एक अक्षर कळत न्हाय, अवो."

"लोकांस्नी कळतंय न्हवं? बास झालं मग."

"लोकांस्नी कळून पोरीला काय?" अंजनाचा आवाज चढला. "उंद्या तुम्ही न्हाय, मी न्हाय. तवा तिनं कुणाला हात करून सांगायचं, पोटात दुकतंय म्हणून? गावात पिराज्या काय जागोजागी उभा हाय?"

बाबासोनं पेंढी आत ढकलली. धूर उलटा आला आणि दोघंही खोकायला लागली. "मी येणार न्हाय त्या सभेला," खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "आन तूबी जाऊ नगंस."

नागाप्पा गावच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष होते. ही कुजबुज त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंजनाला बोलावलं. मोठ्यानं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी हळू बोलला, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"गुर्जी भला माणूस हाय. सेवेचं थोडंच दिवस ऱ्हायल्यात. त्याच्या तोंडाला काळं लागंल असं काय करू नगंस. तुझी पोरगी हाय, फळा हाय, समदं झ्याक चाललंय. आन उंद्या शुक्रवारी ऊन पडलं तर चिपाड वाळवायला माणूस लागंल. हंगामात माणसं मिळत न्हाईत असं न्हाय, अंजने."

तिनं मान हलवली. कशाला हलवली ते तिचं तिलाच समजलं नाही.

मग ती शाळेत गेली. गुरुजी पडवीच्या खांबांना गेरूचा हात देत होते. तिला बघून त्यांनी कुंचला खाली ठेवला.

"माझ्याबी मनात आलतं गं," तिनं काही विचारायच्या आत ते म्हणाले. "फळ्यावर वांगी बघितली तवाच आलतं. पण काय करू? चार वर्ग, मी एकटा. मला हे शिकवायचं कुणी शिकवलं न्हाय. पोरगी फळ्यापुढं खूश असायची. म्हटलं, एवढं तरी तिचं असू दे."

"मग तेच सांगा सायबास्नी."

"कळवून बसलोय. आता मागं कसं घेऊ? उद्याचा दिवस जाऊ दे. पुढच्या साली मी स्वतः बाईंची मागणी करतो."

"पुढच्या साली ती चौथीला जाणार, मग तुमच्या हातनं सुटणार. मग कोण करणार मागणी?"

गुरुजींनी कुंचला परत उचलला. गेरू त्यांच्या धोतरावर ठिबकत होता. "तिचा फळा मी कुणाला देणार न्हाय," ते खांबाकडं बघत म्हणाले. अंजनाला त्यांचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्ही मनात घेऊन ती परत आली.

शुक्रवारी नेमकं ऊन पडलं. माळभर चिपाड पसरलं होतं आणि ते उलटायला माणूस हवा होता. अंजनानं चिपाड ओढायचं दाताळं ढिगाला टेकवून ठेवलं, हातपाय धुतले आणि गुळाचा एक खडा पदराच्या गाठीत बांधला. बाबासोनं चुलवाणापाशी बसल्या जागेवरून बघितलं. त्यानं मूठ आवळून तिला दाखवली. थांब. ती थांबली नाही.

पडवीतल्या फळ्यावर साहेबांचं स्वागत चार रंगांत झळकत होतं. जीपमधून उतरल्या उतरल्या साहेब तिथंच थबकले.

"वा! कुणाचं अक्षर हे, गुरुजी?"

"आमची निशा, साहेब. कानानं अधू आहे."

वर्गात पोरं दाटीनं बसली होती. भिंतीच्या कडेला समितीची माणसं, मधे खुर्चीवर नागाप्पा, दाराशी चार-सहा आयाबाया. विद्याश्री बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. निशा धुतलेला फ्रॉक घालून, तेल लावलेल्या दोन वेण्या घालून फळ्यापाशी तयार होती. आईला बघून तिनं हळूच हात हलवला. गुरुजींनी तिला चिठ्ठी दिली, आणि पोरीनं दोन ओळी अशा काढल्या की साहेबांनी स्वतः टाळी वाजवली. वर्गानं वाजवली. तिला टाळ्या ऐकू येत नसल्या तरी हलणारे हात दिसत होते. ती लाजून खाली बघायला लागली.

"उत्तम," साहेब म्हणाले. "काय हो मॅडम, तुम्ही इथं दोन दिवस येऊन आणखी काय शिकवणार हिला?"

समितीची माणसं हसली. विद्याश्री बाईंनी मान खाली घातली.

"तर मग ते दोन दिवस थोरल्या शाळेला देऊन टाकू. अध्यक्ष, तुमचं काय म्हणणं?"

"आमचं काय न्हाय सायेब," नागाप्पा म्हणाले. "द्या की."

"सायेब." अंजना दारातून पुढं आली. "मी हिची आई. हिला लिवता येत न्हाय."

"अहो, आत्ताच तर लिहिलं तिनं."

"अंजने, बस खाली," नागाप्पा म्हणाले.

ती बसली नाही. सरळ फळ्यापाशी गेली आणि पदराच्या शेवानं त्या दोन्ही ओळी पुसून टाकल्या. निशा हसली. आता दुसरं काहीतरी लिहायचं असणार, असं तिला वाटलं. अंजनानं गाठ सोडली, गुळाचा खडा पोरीच्या डोळ्यांपुढं धरला आणि रिकाम्या फळ्याकडं बोट केलं.

निशाचं हसू हळूहळू गेलं. हा खेळ तिला आठवला असावा. ती बघून काढायला काहीतरी शोधू लागली. भिंतीवर नकाशा होता, त्याच्याकडं ती वळली. अंजनानं तिची हनुवटी धरली आणि तोंड परत फळ्याकडं फिरवलं. पोर दुसरीकडं वळली, तिथं पाढ्यांचा तक्ता होता. अंजनानं पुन्हा हनुवटी धरली. ह्या वेळी जरा जोरानं. आपल्या बोटांखाली पोरीचा जबडा थरथरतोय हे तिला जाणवलं, आणि तिनं तो सोडला नाही.

निशानं अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. गूळ आला. तिला जे येत होतं ते तिनं सांगितलं. अख्ख्या वर्गात ते फक्त अंजनाला आणि नागाप्पांना समजलं. नागाप्पांनी नजर खिडकीबाहेर वळवली. अंजनानं मान हलवून परत फळ्याकडं बोट केलं. पोरीनं खडू टेकवला. पांढरा ठिपका उमटला. खडू तिथंच दाबत राहिला आणि मोडला.

मागून एक पोरगं फिसकन हसलं, मग सगळी रांग हसली. निशाला हसू ऐकू आलं नाही, पण वळून बघितल्यावर उघडी तोंडं दिसली. तिनं आईकडं बघितलं. असं त्या पोरीनं आधी कधी बघितलं नव्हतं. मग उरलेला खडू आईच्या पायाशी टाकून ती वर्गातून पळत गेली.

साहेबांनी चष्मा काढला. "गुरुजी?"

आकाराम गुरुजी उभे राहिले. "ती म्हणती ते खरं हाय, साहेब," ते म्हणाले आणि बसले.

साहेबांनी विद्याश्री बाईंकडं बघितलं. "मंगळवार आणि शुक्रवार. इथं." एवढंच बोलून ते बाहेर पडले. नागाप्पाही उठले आणि अंजनाच्या अगदी जवळून, तिच्याकडं न बघता गेले. तिला पाहिजे होतं ते मिळालं होतं. ती फळ्यापुढं गुळाचा खडा हातात घेऊन उभी होती आणि तो घामानं पाघळून तिच्या तळव्याला चिकटला होता.

त्या दिवसापासून निशानं आईकडं बघायचं सोडलं. बोलत्या पोरानं अबोला धरला तर त्याला दोन शब्द ऐकवता तरी येतात. बहिऱ्या पोरीनं नजर वळवली की सगळंच संपलं. अंजना पुढं जाऊन बसली की ती तोंड फिरवायची. ताटात भाकरी वाढली तर ती भाकरीकडं बघायची. आणि बघितलं असतं तरी अंजना काय सांगणार होती? गुऱ्हाळाच्या हातांत थांब होतं, चल होतं, जाळ होता. माझं चुकलं, पण ते तुझ्यासाठीच होतं, ह्याला हात नव्हता. चिपाड उलटता उलटता तिला रडू यायचं आणि ती ते धुरावर ढकलायची.

"झालं समाधान?" बाबासोनं एकदाच विचारलं.

नागाप्पांनी तिला कामावरून काढलं नाही. पण अंजने म्हणायचं सोडून ते "ए बाई" म्हणायला लागले. निशानं खडू धरायचंच सोडलं, तसा शाळेचा फळा आता दुसरा कुणीतरी लिहीत होता आणि ओळी उतारावरून घसरल्यासारख्या जात होत्या. निशा रस्त्याची पडवी टाळून मागच्या बाजूनं शाळेत शिरायची.

विद्याश्री बाई ठरल्या दिवशी यायच्या. आधी पोर पाटीला हात लावायलाच तयार नव्हती. मग बाईंनी पाटी पिशवीत टाकली आणि शाळेच्या वेळात तिला घेऊन गुऱ्हाळावरच यायला लागल्या. आधी वस्तू हातात द्यायची, मग हाताची खूण, मग कोळशानं फरशीवर अक्षर. लिहायचं आणि पुसायचं. जिन्नस लपवायचा आणि परत लिहायचं. पोर चिडायची, कोळसा फेकायची, बाईंच्या दंडाला चावायचीसुद्धा. बाई दंड चोळून परत कोळसा हातात द्यायच्या. अंजना लांबून, ढिगाआडून बघायची. जवळ जायची तिला हिंमत नव्हती.

हंगाम उतरणीला लागला. ऊन तापायला लागलं आणि चिपाड टाकल्या टाकल्या वाळू लागलं. शेवटच्या काहिलींपैकी एक उतरली, इंजिन थांबलं, माणसं घाम पुसत सावलीला टेकली. अंजना पेंढ्या बांधत होती. कुणीतरी तिचं मनगट धरलं. बघते तर निशा. ती आईकडं बघत नव्हती, नुसती ओढत होती.

गूळ ठेवायच्या खोलीची भिंत चुन्यानं रंगवलेली होती. निशानं तिच्यावर कोळशानं एक शब्द लिहिला. वाकडातिकडा. एक अक्षर थोरलं, एक बारकं, काना नाही वळण नाही. पूर्वीचं ते डौलदार अक्षर कुठं गेलं कुणास ठाऊक. मग तिनं कोळसा आईच्या हातात दिला आणि शब्दाखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

अंजनानं जन्मात खडू धरला नव्हता. दाताळ्यानं घट्टे पडलेल्या बोटांत कोळसा मावेना. तिनं वर बघत बघत, श्वास कोंडून, त्या रेघांसारख्या रेघा ओढल्या. निशानं तपासलं. मग तळहातानं वरचा शब्द पुसला, खालचाही पुसला. खिशातून गुळाचा खडा काढला, आईच्या डोळ्यांपुढं धरला आणि काळपटलेल्या भिंतीकडं बोट केलं.

अंजनाचा हात वरच राहिला. मघाशी रेघ कुठून सुरू झाली होती? वळून कुठं गेली होती? तिनं बाजूला बघितलं. तिथं साच्याचं कापड वाळत होतं, काठाला शिक्का होता. काळीशार बोटं तिच्या हनुवटीला लागली आणि तिचं तोंड परत भिंतीकडं फिरलं.

पिराजी हसला. बाबासोनं त्याच्याकडं बघितलं तसा तो गप्प झाला. सगळं गुऱ्हाळ बघत होतं, नागाप्पासुद्धा बाजेवर उठून बसले होते. काही सुचेना तेव्हा अंजनानं अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. गूळ आला. निशानं ठाम मान हलवली आणि भिंतीकडं बोट केलं.

"येत न्हाय गं मला," अंजना म्हणाली. म्हणताना तिनं मानही हलवली, म्हणजे पोरीला समजावं. डोळ्यांतलं पाणी आता धुरावर ढकलायला धूरही नव्हता.

निशा तिच्याकडं बघत राहिली. तोंड न फिरवता, पूर्ण बघत राहिली. मग तिनं खडा दातानं फोडला, मोठा तुकडा आईच्या तोंडात घातला, तिच्या हातातला कोळसा काढून घेतला आणि भिंतीवर पहिल्यापासून लिहायला लागली, सावकाश, आईला दिसेल असं.